वाट पाहणारे आणि वाट चालणारे

रोहा तालुक्यातील धाटावच्या कारखान्यांजवळून वाहणारी कुंडलिका नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४० साली तिथून गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांचे वंशज आजही तिथे राहतात आणि आपसात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. नाताळच्या आधीचे चार आठवडे चर्चमध्ये आगमनकाळ पाळला जातो. त्यात येशूच्या जन्माची तयारी असते, तशीच तो पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील या वचनाची प्रतीक्षाही असते.

या श्रद्धेची टिंगल आम्हाला मान्य नाही. रोमन साम्राज्यात गुलामाचे ऐकणारे कोणी नव्हते. सम्राटाच्याही वर एक न्यायाधीश आहे, या आशेने त्या माणसांना ताठ मानेने उभे केले. आपल्या राज्यघटनेचा २५वा अनुच्छेद अशा श्रद्धेला संरक्षण देतो. केरळमध्ये 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. हा पंथ देवाच्या राज्याची वाट पाहणारा. पण त्याच्या मुलांना न्याय मिळाला तो माणसांनी लिहिलेल्या घटनेतून!

प्रश्न श्रद्धेचा नाही, हात बांधून बसण्याचा आहे. हे खुद्द ख्रिस्ती परंपरेलाही ठाऊक आहे. थेस्सलनीका येथील मंडळीत काहींनी कामधंदा सोडला, तेव्हा पौलाच्या नावे असलेल्या पत्राने त्यांना खडसावून कामाला लावले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी तर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखच धरली. काहींनी उभे पीक कापले नाही. तारीख उलटली, कोणी आले नाही.

बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावून सांगितले. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी लोक कोणा तारणहाराची वाट पाहत बसले नाहीत. ते तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले. पुढे दावा चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. दहा वर्षे थांबावे लागले, पण ते थांबणे लढत लढत होते.

आता दलित ख्रिस्ती बांधवांकडे पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. चर्चमध्ये गेल्याने गावातली जात सुटते काय? २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली केंद्राने पुन्हा नवा आयोग नेमला. आयोगामागून आयोग, हीसुद्धा लोकांना वाट पाहायला लावण्याचीच रीत. धर्मांतरानंतर आपण स्वतः चौतीस वर्षे दाराबाहेर उभे होतो. तेव्हा या मागणीला आपण पाठिंबा दिला पाहिजे.

आणि आपले काय? येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची कल्पना बौद्ध परंपरेतही आहे. रोहा-धाटाव परिसरातील बैठकांत आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते, 'पुन्हा एक बाबासाहेब जन्माला यायला पाहिजेत.' बोलणाऱ्याचा भाव खरा असतो. पण हेही पुनरागमनाची वाट पाहणेच नव्हे काय? कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळत नसेल तर त्यासाठी कायदा आहे, कामगार अधिकारी आहे, संघटना करण्याचा हक्क आहे. अर्ज लिहायला, पोच घ्यायला आणि तारखेला हजर राहायला नवे बाबासाहेब लागत नाहीत. त्यांनी दिलेली घटना आपल्या हातात आहे.

ज्याला प्रभूची वाट पाहायची त्याने खुशाल पाहावी. पण न्यायाच्या दिवसाची तारीख आपणच लावून घेतली पाहिजे, आणि त्या तारखेला सगळ्यांनी मिळून हजर राहिले पाहिजे.