साल्हेरच्या वाटेवरील एक दिवस

डोंगर चढावयास निघालेल्या मनुष्यास सर्वांत अधिक गरज कशाची, असें विचारल्यास बहुतेक जण पाणी, बूट किंवा काठी यांचें नांव घेतील. पूर्वीं मींहि तसेंच उत्तर दिलें असतें. गेल्या मार्गशीर्षांत साल्हेरचा किल्ला पाहून आल्यापासून माझें उत्तर बदललें आहे. त्या गांवचा वाटाड्या प्रथम, बाकीचें मागाहून.

साल्हेर नाशिक जिल्ह्यांतील बागलाण तालुक्यांत, महाराष्ट्राच्या अगदीं कडेस आहे. त्याच्या पश्चिमेस डांगचें अरण्य लागतें. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां डांग गुजरातेंत गेला. गडाची उंची १५६७ मीटर, म्हणजे सुमारें ५१४० फूट. महाराष्ट्रांत कळसूबाईखालोखाल हेंच शिखर. १६७१ सालीं शिवाजी महाराजांनीं हा गड घेतला. पुढील वर्षीं मोगलांनीं त्यास वेढा घातला असतां मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनीं त्यांचा मोठा पराभव केला. हा विजय छाप्याचा नव्हे, उघड्या मैदानांतील होता, म्हणून त्याचें महत्त्व विशेष. सूर्याजी काकडे याच लढाईंत पडले. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत साल्हेर आहे. इतकें सर्व पुस्तकांत मिळतें. वाट मात्र मिळत नाहीं.

आम्ही चौघे पहाटे वाघांबे गांवीं पोंचलों. वाटाड्यानें दिवसाची मजुरी सांगितली. मीं घासाघीस करून शंभर रुपये कमी करविले, आणि आपल्या व्यवहारचातुर्याबद्दल मनांतल्या मनांत स्वतःची पाठहि थोपटली.

साल्हेर आणि त्याचा जोडीदार सालोटा यांच्यामधील खिंडींत प्रथम यावें लागतें. हे डोंगर काळ्या पाषाणाचे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून ते बनले. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, मऊ थर झिजून उतार होतात. म्हणून वाट कांहीं वेळ सोपी जाते आणि एकाएकीं कड्यापुढें येऊन थांबते. तेथें जुन्या लोकांनीं कातळ फोडून पायऱ्या केल्या आणि दरवाजे बांधले. दरवाज्यांपुढें वाट आडवी जाते. एका अंगास कड्यांत कोरलेल्या गुहा, दुसऱ्या अंगास खोल दरी. येथें मला भोंवळ आल्यासारखें झालें. वाटाड्या न बोलतां दरीच्या बाजूस येऊन उभा राहिला. "गुरुजी, एक हात कातळाला लावा, नजर माझ्या पायांवर ठेवा," एवढेंच त्यानें सांगितलें. तेवढें पुरलें.

गंगासागर तलावाकांठीं भाकरी खाऊन आम्ही परशुरामाच्या मंदिरापर्यंत गेलों. याच शिखरावरून बाण सोडून परशुरामानें समुद्र मागें हटविला अशी कथा आहे. पूर्वेस मुल्हेर आणि मांगीतुंगीचे सुळके दिसत होते, पश्चिमेस डांगचे निळसर डोंगर. सरहद्द कोठें, असें मीं विचारलें. वाटाड्या हंसला. त्याची बहीण डांगांत दिलेली; त्याला रेषा ठाऊक नाहीं, पाण्याचे उतार ठाऊक आहेत. तेव्हां मीं शिक्षकाच्या संवयीनें सांगितलें, की सह्याद्रीच्या पूर्वेचें पाणी बंगालच्या उपसागरास जातें. तो म्हणाला, "आमची मोसम तर मालेगांवाकडे गिरणेला मिळते." आणि माझी चूक मलाच उमगली. गिरणा तापीस मिळते, व तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. डांगच्या अंबिका व पूर्णा ह्या नद्याहि त्याच समुद्रास जातात. म्हणजे या कड्यावर पडलेला थेंब पूर्वेस वाहिला काय किंवा पश्चिमेस वाहिला काय, शेवटीं गुजरातच्याच किनाऱ्यास लागावयाचा. गोदावरीचा नियम येथें चालत नाहीं. वर्गांत तीस वर्षें तो सरसकट घोकवून घेतला, याची थोडी लाज वाटली.

परत खिंडींत आलों तों चार वाजले होते. आमच्यांतील तरुण सोबत्यांना सालोटाहि चढावयाचा होता. वाटाड्यानें साफ नकार दिला. गवत वाळलेलें, वाटेवर घसारा, आणि सूर्य सहा वाजतां मावळणार. सोबती कुरकुरले, पैसे दिले आहेत, असेंहि एक जण म्हणाला. मींहि मनांतून त्यांच्याच बाजूचा होतों. अर्ध्या तासानें, स्वच्छ उजेडांत, रुळलेल्या उतारावर माझा पाय घसाऱ्यावरून सटकला व मी दोन हात खालीं गेलों. वाटाड्यानें दंड धरला म्हणून गुडघ्यावरच निभावलें. हेंच अंधारांत व सालोट्याच्या उभ्या अंगावर झालें असतें तर, हा हिशेब त्यानंतर कोणींच बोलून दाखविला नाहीं. कुरकुरणारा सोबती मात्र गांव येईपर्यंत माझी पिशवी वाहत होता.

वाघांब्यास दिवे लागले होते. सकाळीं कापलेले शंभर रुपये मीं वाटाड्याच्या हातावर ठेवले. त्यानें ते मोजून खिशांत घातले, आणि सालोटा पाहावयाचा असल्यास पुढच्या खेपेस आदल्या दिवशींच मुक्कामाला या, असें सांगितलें.