प्रदर्शनातील वस्तू हाताळू द्या!

गिऱ्हाईक कापड हाताळल्याशिवाय सौदा करत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक. बुलडाणा जिल्ह्यातील शालेय विज्ञान प्रदर्शनांतही तेच. थर्माकोलचे मॉडेल पाहून लोक पुढे सरकतात. पण ट्रान्झिस्टर, बॅटरी व छोटा दिवा जोडून दोन तारा शेतकऱ्याला स्वतः कुंडीत खोचू द्या. माती ओली असेल तर दिवा लागतो, कोरडी असेल तर नाही. मग तो पाणी देण्याबद्दल विचारू लागतो.

मोटार वाइंडिंग, टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांची मुले सोल्डरिंग घरीच शिकतात. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात. मात्र नाव शाळेनेच ऑनलाइन पाठवावे लागते. आपल्या मुलाचे गेले का, हे कारागीर बांधवांनी मुख्याध्यापकांना मुदतीआधीच विचारावे.