टॉवरचा प्रस्ताव आला: पालिका काय तपासते आणि काय नाही

मुंबईत जुन्या चाळीच्या जागी टॉवर येणार अशी कुजबूज मोहल्ल्यात सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पालिका आम्हाला काही विचारणार की नाही?"

सरळ उत्तर द्यायचं तर, बहुतेक वेळा नाही.

आर्किटेक्ट नकाशे पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात दाखल करतो. तिथे डीसीपीआर 2034 समोर ठेवून एफएसआय, भोवतालची मोकळी जागा, पार्किंग, जिने, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र असं सगळं पाहिलं जातं. मग मिळते आयओडी. कागद मोठा गमतीचा आहे. 1888 च्या महापालिका कायद्याखालचं त्याचं नाव 'नामंजुरीची सूचना', पण व्यवहारात ती अटींसह दिलेली मंजुरीच असते. पुढे सीसी मिळालं की बांधकाम सुरू, आणि शेवटी ओसी. यातल्या कुठल्याही टप्प्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुनावणी सक्तीची नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. उलट त्याच प्लॉटवरचं झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे पेपरात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. झाडाला हा मान मिळतो ते चांगलंच आहे. पण चाळीतल्या माणसालाही तो मिळायला हवा, असं आम्हाला वाटतं.

कारण नकाशात न दिसणाऱ्या गोष्टीच घर चालवतात. तळमजल्यावरचं पगडीचं दुकान, माळ्यावरचं शिवणकाम, घरातून टिफिन देणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं, पायी जाता येईल अशी शाळा आणि मशीद. टॉवरमध्ये गेल्यावर लिफ्ट-पंपाचा मेंटेनन्स दर महिन्याला भरायचा असतो, तो कुणी भरायचा हेही आयओडीच्या अटींत सापडत नाही.

म्हणून टॉवर नकोच म्हणायचं का? भेंडी बाजार आठवा. तिथे 2009 मध्ये बोहरा समाजाच्या ट्रस्टने 16.5 एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबं, 1,250 दुकानं आणि प्रत्येक कुटुंबाला किमान 350 चौरस फुटांचं मालकीचं घर, असा तो आराखडा. त्याच योजनेतली पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 ला कोसळली. इमारत धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबं आधीच संक्रमण घरांत गेली होती, बाकीची तिथेच राहत होती. 30 पेक्षा जास्त माणसं गेली. थांबून राहण्याचीही किंमत असते, आणि ती फार जबर असते.

मग बोलायचं कुठे? उपकरप्राप्त इमारतीत 33(7) खाली पुनर्विकासाला किमान 51 टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते, आणि ती मागे घेता येत नाही. आपली खरी सुनावणी हीच, आणि ती आपल्याच जिन्यात होते! सही करण्याआधी कार्पेट एरिया आकड्यात मागा. संक्रमण भाडं किती, किती महिने, दरवर्षी वाढ किती, काम रखडलं तर काय, ताबा मिळाल्यावर मेंटेनन्सचा बोजा कुणावर, हे नोंदणीकृत करारात यायला हवं. तोंडी शब्दावर राहू नका. भाडेपावती मरहूम वडिलांच्या नावावर असेल तर आई आणि बहिणींचा हक्क कागदावर कसा येणार हे आधी ठरवा, नंतर भांडणं होतात. जागा वक्फची असेल तर ट्रस्टींची सही पुरत नाही, वक्फ मंडळाची परवानगी लागते.

दुसरी संधी आरक्षणाची. शाळेच्या किंवा मैदानाच्या आरक्षणात बदल करायचा झाला तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. लेखी हरकतींचा उपयोग होत नाही असं समजू नका. मुंबईचा विकास आराखडाच 2015 मध्ये लोकांच्या विरोधानंतर मागे घेऊन नव्याने करावा लागला होता.

या नोटिसा राजपत्रात येतात, बारीक अक्षरांत, आणि महिना असाच निघून जातो. जमातीच्या एखाद्या तरुणाने त्यावर नजर ठेवली आणि आपल्या वॉर्डाची नोटीस जुम्म्यानंतर वाचून दाखवली, तरी पुष्कळ घरांपर्यंत ती वेळेत पोहोचेल.