धाराशिवचा चेक लंडनला का वटत नाही

कळंब-उमरग्याचा मुलगा ब्रिटनला शिकायला गेला की घरचे विचारतात, फीचा चेक लिहून द्यायचा का? देऊ नका. आपला चेक रुपयांत असतो आणि देशातल्याच क्लिअरिंगमध्ये वटतो.

पैसे बँकेमार्फत थेट खात्यात पाठवायचे. त्यासाठी ए-२ फॉर्म, पॅन, रक्कम कशासाठी ते सांगणारा कोड आणि समोरच्या बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. प्रत्येक शाखेत परकीय चलनाचे काम होत नाही, म्हणून फीच्या मुदतीच्या बरेच आधी चौकशी करा. खाते क्रमांक दोनदा ताडून पाहा, हे मी आग्रहाने सांगेन. एक आकडा चुकला तरी रक्कम अडकते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी मुलाचा जीव टांगणीला लागतो.

उलट, परदेशातून आलेला डॉलरचा चेक अनेक बँका आता घेत नाहीत. घेतलाच तर वसुलीला पाठवतात, त्यात आठवडे जातात. अनोळखी परदेशी खरेदीदार जादा रकमेचा चेक धाडून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणाला, तर रुपयाही देऊ नका. खात्यात जमा दिसलेला चेकही नंतर परत येऊ शकतो.