दापोलीचें कृषि अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आमचा सातबारा

हर्ण्याच्या बंदरावर सायंकाळीं मासळीचा लिलाव चालला असतां एका बागायतदारांनीं मला विचारिलें, "भाऊसाहेब, मुलाला इंजिनियर करावयाचें आहे, मुंबईस राहण्याचा खर्च किती येईल?" मीं उलट विचारिलें, "आपणांस दापोली किती लांब?"

हर्ण्याहून दापोली सुमारें 16 किलोमीटर. तेथील कोकण कृषि विद्यापीठ 18 मे 1972 रोजीं स्थापन झालें. त्याचें कृषि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय आमच्याच तालुक्यांत आहे. परंतु तेथें काय शिकवितात असें विचारल्यास "ट्रॅक्टर" ह्यापलीकडे सहसा उत्तर येत नाहीं. वस्तुतः ही विद्या देशांत नवी नव्हे. अलाहाबादच्या कृषि संस्थेंत तिचा पदवी-अभ्यासक्रम 1942 सालींच सुरू झाला होता. दापोलीस मृद् व जलसंधारण, सिंचन व निचरा, अवजारें व यंत्रशक्ति, शेतमालप्रक्रिया व ऊर्जा हे विषय शिकवितात.

आमच्याकडे दरसाल सुमारें 3500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिलांत कलमांस घालावयास पाणी नसतें. जांभ्याच्या उतारावरून तें समुद्रास मिळतें. ह्यावर विद्यापीठानें सुचविलेलें जलकुंड पाहावें. चार मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा, आंत प्लास्टिकचें अस्तर. पाणी 4000 लिटर. मीं कारकुनी हिशेब केला. दहा कलमांस आठवड्यास प्रत्येकीं 15 लिटर दिल्यास, वाफ होऊन जाणारें सोडून, तें 26 आठवडे पुरतें, म्हणजे दिवाळीपासून पुढल्या पावसाच्या तोंडापर्यंत. आंबा देठासह उतरविणारा नूतन झेलाही ह्याच विद्यापीठाचा. देठ राहिल्यानें चीक फळावर ओघळत नाहीं. असे प्रश्न ज्यानें लहानपणापासून स्वतःच्या आगरांत पाहिले, त्या मुलास हा अभ्यास परका वाटूं नये. मुलीसही नाहीं.

बारावीस विज्ञानशाखेंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेऊन राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बी. टेक. चार वर्षांचें. पुढें एम. टेक. व पीएच. डी. तेथेंच करतां येते. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या परीक्षेंत वर आल्यास परप्रांतींच्या विद्यापीठांत प्रवेश व शिष्यवृत्तिही मिळूं शकते. एम. टेक.च्या विद्यार्थ्यास प्रबंधाकरितां स्वतः प्रयोग करून मापें घ्यावीं लागतात. अशा कोणास आपल्या उताराचा एखादा तुकडा हवा असेल, तर "जमीन दाबून बसेल" ही शंका मनांत आणूं नये. तसें होत नसतें, हें महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसाकडून ऐकावें.

आतां माझ्या जुन्या टेबलाची गोष्ट. कृषि पदवीच्या प्रवेशांत शेतकऱ्याच्या मुलास गुणांचा कांहीं अधिभार देण्याची रीत ह्या राज्यांत आहे, आणि त्यास पुरावा सातबाऱ्याचा. मी सेवेंत असतां एक गृहस्थ धांवत आले. अर्जास आठ दिवस उरले होते, आणि खातें अजून पणजोबांच्या नांवावर. वारसनोंद धरली कीं हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस द्यावे लागतात, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ते दिवस कोणासही कमी करतां येत नाहींत, असें मीं सांगितलें. मुलाचा प्रवेश त्या वर्षीं हुकला. नियम माझ्या बाजूस होता. तरी हेंही खरें कीं, तेच गृहस्थ दरवर्षीं पीककर्जाकरितां माझ्याकडून नक्कल नेत असत, आणि वरचें नांव वाचूनही वारसनोंदीविषयीं मीं त्यांस एकदांही टोकलें नव्हतें.

म्हणून मूल अकरावींत जातांच खातें पाहावें. मृत्युदाखला, वारसांचें प्रतिज्ञापत्र व अर्ज तलाठ्याकडे द्यावा. भाऊबंदांत हरकत निघाली तर प्रकरण महिनोन् महिने चालतें, तेव्हां चुलत्यांशीं बोलणें आधींच झालेलें बरें. अधिभाराचे व आरक्षणाचे नियम दरवर्षीं निघणाऱ्या प्रवेशपुस्तिकेंतून वाचावे, शेजाऱ्याच्या आठवणीवरून नव्हे.

बंदरावरील त्या बागायतदारांचा सातबारा मीं त्याच रात्रीं मोबाइलवर काढून पाहिला. नांव पणजोबांचेंच आहे. मृत्युदाखला शोधावयास सांगितला आहे.