हॉट मिल्क (कादंबरी)

हॉट मिल्क ही ब्रिटिश लेखिका डेबोरा लेव्ही (जन्म १९५९, जोहान्सबर्ग) यांची इंग्रजी कादंबरी आहे. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी मॅन बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचा समावेश झाला. दीर्घकाळ आजारी असलेल्या आईची शुश्रूषा करताना स्वतःचे आयुष्य बाजूला पडलेल्या मुलीची ही कथा तिच्याच निवेदनातून उलगडते.

कथानक

सोफिया पंचवीस वर्षांची आहे. मानववंशशास्त्रातील पीएच.डी. अर्धवट सोडून ती लंडनमधील एका कॉफीगृहात काम करते. तिची आई रोझ हिच्या पायांतील शक्ती गेली आहे. मात्र ती अधूनमधून चालूही शकते, आणि या विकाराचे कारण कोणत्याही डॉक्टरला सापडलेले नाही. अखेरचा उपाय म्हणून रोझ घर गहाण ठेवते आणि २५,००० युरो भरून दक्षिण स्पेनमधील अल्मेरिया येथे डॉ. गोमेझ यांच्या चिकित्सालयात दाखल होते. गोमेझची पद्धत विलक्षण आहे. तो रोझची काही औषधे बंद करतो आणि रुग्णाइतकेच लक्ष तिच्या मुलीकडे देतो.

समुद्रकिनाऱ्यावर सोफियाला प्रथमच थोडा मोकळा वेळ मिळतो. इन्ग्रिड ही जर्मन तरुणी आणि जेलीफिशच्या दंशावर उपचार करणारा हुआन यांच्याशी तिचे प्रेमसंबंध जुळतात. पुढे ती अथेन्सला वडिलांकडे जाते. त्यांची नवी पत्नी सोफियाहून चारच वर्षांनी मोठी आहे. तेथेही तिला आधार मिळत नाही.

आशय

रोझ ढोंग करते की खरोखर आजारी आहे, या प्रश्नाचे सरळ उत्तर कादंबरी देत नाही, आणि तेच तिचे बळ आहे. आजार खरा ठरला तर मुलीने जाणे ही निर्दयता, खोटा ठरला तर तिची इतकी वर्षे वाया गेली. सोफिया या दोहोंमध्ये अडकलेली आहे. आईने मागितलेले पाणी तिने कसेही आणले तरी ते चुकीचेच ठरते. आईची सवय तिच्या शरीरात इतकी मुरली आहे की कधीकधी तीही लंगडत चालते. परावलंबन येथे एकतर्फी नाही: रोझला मुलीचे पाय हवे आहेत, तर आईची लक्षणे टिपत राहणे हाच सोफियाचा खरा व्यवसाय होऊन बसला आहे.

जेलीफिशला स्पॅनिशमध्ये ‘मेदुसा’ म्हणतात. ग्रीक पुराणकथेतील, नजरेने समोरच्याचा दगड करणारी मेदुसा या शब्दातून सतत सुचवली जाते. वाचकाने हे ध्यानात ठेवल्यास दंशाचे प्रसंग अधिक उलगडतात.

शेवटाकडे सोफिया आईला चाकाच्या खुर्चीसह रस्त्यात सोडून निघून जाते. हे कृत्य क्रूर आहे आणि लेखिका ते सौम्य करून दाखवत नाही.

चित्रपट

या कादंबरीवरील त्याच नावाचा चित्रपट रिबेका लेन्कीविच यांनी दिग्दर्शित केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवण्यात आला. त्यात एमा मॅकी (सोफिया), फिओना शॉ (रोझ) व विकी क्रीप्स (इन्ग्रिड) यांच्या प्रमुख भूमिका आहेत.