कार्डाची मेमरी संपलेली नसते तेव्हा

आज पॉवर सप्लायचा विषय घ्यायचा ठरला होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीहून एका वाचकांची विचारणा आली आहे आणि तिला थांबवून ठेवणं बरं नाही. नवा कोरा पीसी, १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आणि गेम पहिल्यांदा सुरू होताना शेडर तयार होत असतानाच बंद पडतो. स्क्रीनवर संदेश येतो, ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’. दुकानदार म्हणतो, कार्ड बदला. दादा, कार्डाला इतक्यात हात लावू नका. आधी तुमचा प्रोसेसर कोणता ते बघा.

अनरिअल इंजिनवरच्या बऱ्याच गेमांचा डेटा ‘ऊडल’ नावाच्या तंत्राने दाबून भरलेला असतो. तो उलगडायचं काम प्रोसेसर करतो, तेही सगळे कोअर एकदम कामाला लावून. अशा उलगडण्यात एक बिट जरी चुकला तरी पुढचा सगळा डेटा निकामी. मग इंजिनाला शेडर मिळत नाही आणि ते व्हिडिओ मेमरीच्या नावाने ओरडतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ‘ऊडल’वाल्या रॅड गेम टूल्सनी हे स्वतः लिहून ठेवलं, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये एनव्हीडियानेही अशा तक्रारदारांना इंटेलकडे बोट दाखवलं.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं हे प्रकरण मी सुरुवातीपासून वाचत आलोय, आणि क्रॅशचं निदान शिकायला याहून चांगला धडा नाही. २०२४च्या जुलैत कंपनीने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये पूर्ण कारण सांगितलं: जास्त व्होल्टेज आणि तापमानाने कोअरमधलं क्लॉकचं सर्किट अकाली म्हातारं होतं. मग प्रोसेसर स्थिर राहायला लागणारं किमान व्होल्टेज वर सरकतं, आणि कालपर्यंत पुरणारं व्होल्टेज आज पुरत नाही. महिनाभर उत्तम चाललेला पीसी हळूहळू कोसळू लागतो तो यामुळे. विंडोज पुन्हा टाकून, ड्रायव्हर बदलून काय होणार?

तुमचा प्रोसेसर यातला असेल तर घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. सेव्हन-झिपमध्ये एखादी मोठी झिप फाईल उघडून ‘टेस्ट’ दाबा, पुन्हा पुन्हा. तीच फाईल एकदा बरोबर आणि एकदा ‘सीआरसी एरर’ निघाली, तर दोष फाईलचा नाही. प्रोसेसर नाहीतर रॅम. रॅमचा संशय कसा फेडायचा ते मागच्या वेळी पाहिलंच आहे, तेव्हा एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद ठेवूनच हे करा. मग बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा रेशो ५५ असेल तर ५३ करा. एवढ्याने गेम नीट चालू लागला तर कार्ड निर्दोष आहे, असं मी दुकानदाराला ठामपणे सांगेन.

बायोसचा अपडेट मात्र लगेच टाका. मदरबोर्डच्या नोंदीत मायक्रोकोड ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा दिसला पाहिजे. हा अपडेट पुढची झीज रोखतो, पण झिजलेला प्रोसेसर बरा करत नाही. लोक इथेच फसतात: अपडेट टाकला, तरी क्रॅश होतात, म्हणजे प्रोसेसर सुटला, असं धरून पुन्हा कार्डाच्या मागे लागतात. अशा वेळी तो बदलूनच घ्यायचा. इंटेलने यातल्या ठराविक प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. खोक्यातून आलेल्यांना एकूण पाच वर्षं मिळतात. खोक्याविना, ट्रेमधला बसवून दिला असेल तर आधी ज्याच्याकडून पीसी घेतला त्याला गाठा. पावती हवीच.

पुढच्या आठवड्यात पॉवर सप्लाय नक्की. तोवर कॅबिनेटची बाजू उघडून ग्राफिक्स कार्डात शिरणाऱ्या केबलींचा फोटो काढून ठेवा: दोन स्वतंत्र केबली आहेत, की एकाच केबलीची दोन तोंडं?